मका काढणीपासून कोठीपर्यंत: दाणा नेमका कोठे वाया जातो आणि तो कसा वाचवावा

खान्देशात खरीप मक्याची काढणी, परतीचा पाऊस आणि कापसाची पहिली वेचणी ही तिन्ही बहुतेक वर्षी एकाच वेळी येतात. घरातील कोरडी खोली कापसाने अडते, मजूर वेचणीत गुंततात आणि मक्याच्या बिट्ट्या, म्हणजे कणसे, खळ्यावर उघड्या पडून राहतात. पुढे माघ-फाल्गुनात कोठी उघडल्यावर दाण्यात सोंडे (दाणा पोखरणारे किडे) दिसतात, कुबट वास येतो आणि दोष कोठीला दिला जातो. प्रत्यक्षात तो बिघाड कोठीत सुरू झालेला नसतो. ओला, फुटका आणि गरम दाणा भरला गेल्यामुळे तो काढणीच्या आठवड्यातच ठरलेला असतो.

लुधियाना येथील मध्यवर्ती काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार तृणधान्यांचे काढणीपासून साठवणीपर्यंतचे नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्के इतके होते. म्हणजे शंभर क्विंटलमागे पाच-सहा क्विंटल. हे नुकसान टाळण्यासाठी फार खर्च लागत नाही, परंतु कामाचा क्रम मात्र काटेकोर पाळावा लागतो. पुढील टप्पे खरीप मका डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

टप्पा १: काढणीपूर्वीच्या आठवड्यातील तयारी

साठवणीची खोली काढणीच्या आधी तयार हवी, मळणीच्या दिवशी नव्हे. मागील हंगामाचे उरलेले धान्य, कोपऱ्यातील भुसा, गोण्यांचे तुकडे आणि कोठीच्या तळाशी चिकटलेला चुरा पूर्णपणे बाहेर काढावा. हा केर खोलीबाहेर भिंतीलगत टाकण्याची सवय आहे. ती मोडलीच पाहिजे, कारण त्यातील किडे चार-आठ दिवसांत पुन्हा आत येतात. केर दूर नेऊन जाळावा. भिंतींच्या भेगा आणि उंदीर-घुशींची बिळे सिमेंटने बुजवावीत. बिळात आधी काचेचे तुकडे घातल्यास घूस ते पुन्हा उकरत नाही.

रिकाम्या खोलीच्या भिंतींवर आणि फरशीवर मॅलॅथिऑन ५० टक्के प्रवाही हे कीटकनाशक एक लिटर पाण्यात १० मिली या प्रमाणात मिसळून फवारता येते. १०० चौरस मीटर पृष्ठभागाला असे तीन लिटर द्रावण पुरते. फवारणीनंतर खोली पूर्ण वाळू द्यावी, हवेशीर ठेवावी आणि मगच माल आणावा. हे औषध भिंतीसाठी आहे. दाण्यावर ते कधीही फवारू नये, आणि ज्या खोलीत माणसे झोपतात किंवा स्वयंपाक होतो तेथेही वापरू नये.

बारदानाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जुन्या गोण्या उलट्या करून झटकाव्यात, उकळत्या पाण्यात बुडवून काढाव्यात आणि कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात, कारण शिवणीच्या घडीत सोंडे दडून राहतात. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत मका भरू नये, कारण त्यांत राहिलेले खत हवेतील ओल ओढते. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशव्या तर खाण्याच्या धान्याजवळही आणू नयेत.

याच आठवड्यात ताडपत्री उन्हाकडे धरून तिच्यातील छिद्रे पाहावीत आणि गोण्यांखाली घालण्यासाठी लाकडी फळ्या किंवा बांबूचे तट्टे जमवावेत. कापूस आणि मका एकाच खोलीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मक्याची जागा आताच आखून अडवावी. कापूस एकदा भिंतीपर्यंत भरला गेला की ती जागा पुन्हा मिळत नाही.

तपासणी: भर दुपारी खोलीचे दार आतून बंद करून दोन मिनिटे अंधारात उभे राहावे. दाराखालून, पत्र्याच्या वळणातून किंवा खिडकीच्या कडेने जेथे जेथे उजेड आत येतो, ती प्रत्येक फट उंदराची संभाव्य वाट आहे. जेमतेम अर्धा इंच फटीतूनही उंदीर शिरतो. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी.

टप्पा २: काढणीची वेळ ठरवणे

पाने वाळली म्हणजे मका काढणीस आला, हा समज चुकीचा आहे. पाने रोगाने किंवा पाण्याच्या ताणानेही वाळतात. खात्रीची खूण दाण्याच्या बुडाशी असते. शेताच्या पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक कणीस घ्यावे, ते मधोमध मोडावे आणि मधल्या भागातील दाणा उपटावा. दाण्याचे निमुळते टोक नखाने खरवडले असता आत काळसर तपकिरी थर दिसला, तर दाणा पूर्ण भरला आहे असे समजावे. थर फिका किंवा पिवळसर असेल, तर अजून आठ-दहा दिवस थांबावे. त्याआधी काढलेला दाणा वाळल्यावर सुरकुततो आणि वजनात मार खातो.

काळा थर आला तेव्हा दाण्यात साधारण ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. त्यानंतर दाण्याचे वजन वाढत नाही, फक्त पाणी कमी होते. हवा कोरडी असेल तर ओलावा २० ते २५ टक्क्यांवर येईपर्यंत पीक उभे ठेवणे फायद्याचे आहे. मात्र पक्षी, रानडुकरे, झाडे आडवी पडणे आणि घराजवळच्या साठ्यातून शेतात उडत येणारे सोंडे यांमुळे त्याहून फार काळ थांबू नये.

पाऊस तोंडावर असताना घाईने खुडून बिट्ट्यांचा ढीग घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पसरायला कोरडी, झाकलेली जागा असेल तरच खुडावे. ती नसेल, तर आवरणातील कणीस दोन-चार दिवस उभ्या झाडावर राहिलेले बरे, कारण तेथे त्याला वारा लागतो. ढिगात तेच कणीस एका रात्रीत तापू लागते.

टप्पा ३: खुडणी आणि निवड

संपूर्ण प्रक्रियेत मी या टप्प्याला सर्वाधिक महत्त्व देतो, कारण खराब माल वेगळा करण्याची खरी संधी येथेच मिळते. एक बुरशीचे कणीस हाताने उचलून बाजूला टाकणे सोपे आहे. तेच कणीस मळणी यंत्रात गेले की त्याचे शेकडो दाणे सगळ्या मालात मिसळतात, आणि मग कोणतीही चाळणी ते वेगळे काढू शकत नाही.

खुडणाऱ्या बायांना सकाळीच तीन ढिगांची सूचना द्यावी आणि तिन्ही ढिगांखाली ताडपत्री अंथरावी. उघड्या मातीवर कणीस टाकू नये, कारण बुरशीचे बीजाणू मातीतच असतात.

१. पहिल्या ढिगात भरलेली, स्वच्छ कणसे जातील.

२. दुसऱ्या ढिगात लष्करी अळीने शेंडा पोखरलेली, पक्ष्यांनी टोचलेली आणि आडव्या पडलेल्या झाडांवरची कणसे जातील. शेंड्याचा खराब भाग मोडून टाकून उरलेले कणीस वेगळे वाळवावे, वेगळे मळावे आणि लवकर वापरावे. ते साठवणीत घेऊ नये.

३. तिसऱ्या ढिगात बुरशी दिसणारी कणसे जातील. पिवळट हिरवी पूड दिसली तर ती बहुधा अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी असते, आणि अफ्लाटॉक्सिन हे विष ती तयार करते. पांढरी किंवा गुलाबी बुरशी वेगळ्या जातीची असते, पण तीही निर्धोक नाही.

सावधान: तिसरा ढीग गुरांपुढे टाकण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे. अफ्लाटॉक्सिन शिजवल्याने किंवा भाजल्याने जात नाही, आणि दुभत्या जनावराने असा दाणा खाल्ल्यास त्या विषाचा अंश दुधात उतरतो. घरातील लहान मूल तेच दूध पिते. ही कणसे खड्ड्यात पुरावीत किंवा जाळावीत. दोन-चार पाट्या गेल्याचे वाईट वाटते, परंतु येथे हात आखडता घेऊ नये.

टप्पा ४: कणीस वाळवणे

आपल्याकडे खुडणीच्या दुसऱ्याच दिवशी मळणी यंत्र बोलावले जाते, कारण यंत्राचा नंबर लागलेला असतो आणि मजूर हाताशी असतात. ही घाई पुढच्या सर्व अडचणींचे मूळ आहे. मका आधी कणसात वाळवावा आणि मग मळावा. कणसांच्या ढिगात हवा खेळते, परंतु सुट्या ओल्या दाण्यांच्या ढिगात ती खेळत नाही.

आवरण पूर्ण सोलून कणसे एक फुटापेक्षा जाड थर होणार नाही अशी पसरावीत आणि दिवसातून दोन वेळा खालची वर करावीत. जागा कमी असेल, तर जाळीचा किंवा बांबूचा उभा पिंजरा उपयोगी पडतो. पिंजऱ्याची रुंदी अडीच ते तीन फुटांपेक्षा जास्त नसावी, अन्यथा मधली कणसे वाळत नाहीत. लांबी कितीही चालते. पिंजरा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावा, वर पत्र्याचे छप्पर असावे आणि त्याची लांब बाजू वाऱ्याला आडवी यावी. पिंजऱ्यात वाळायला काही आठवडे लागतात. मात्र पाऊस आला तरी धावपळ होत नाही.

आश्विन-कार्तिकात रात्री दव पडते, म्हणून संध्याकाळी कणसे झाकणे भाग आहे. ताडपत्री थेट कणसांवर टाकून तिच्या कडा दगडांनी दाबल्यास आतील वाफ तिला खालून चिकटते आणि पहाटे वरचा थर ओला सापडतो. त्यासाठी दोन्ही टोकांना खुंट रोवून मध्ये आडवा बांबू बांधावा आणि ताडपत्री त्यावरून तंबूसारखी सोडावी, म्हणजे बाजूंनी हवा फिरते. सकाळी दव उडाल्यावरच ती काढावी.

तपासणी: लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून अर्धा तास ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हाताला कोमट लागली, तर ढीग आतून तापत आहे. वेळ कोणतीही असो, तो त्याच क्षणी मोडून पसरावा.

टप्पा ५: मळणी

दाण्यातील ओलावा १८ टक्क्यांच्या खाली आल्यावर मळणी करावी. त्याहून ओला दाणा यंत्रात चेपतो आणि त्याचे टोक बुरकुंडाला, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्यालाच, चिकटून राहते. फुटलेला दाणा म्हणजे केवळ चुरा नव्हे. तांबडा भुंगेरा अखंड दाण्यात सहसा शिरू शकत नाही, तो फुटक्या दाण्यावर आणि पिठावर वाढतो. म्हणजे ज्या मालात फूट जास्त, त्या मालात कीड आधी.

यंत्रवाल्याला ड्रमचा वेग विचारण्यापेक्षा परिणाम पाहावा. पहिली गोणी भरली की तिच्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत आणि फुटके वेगळे करावेत. चार-पाचाहून अधिक फुटके निघाले, तर वेग कमी करायला किंवा जाळीतील अंतर वाढवायला सांगावे आणि पुन्हा मोजावे. यंत्र तासावर असल्यामुळे यंत्रवाला वेग कमी करण्यास नाखूश असतो. तेथे शेतकऱ्याने आग्रह धरलाच पाहिजे. मागच्या बाजूने पडणाऱ्या बुरकुंडांवर दाणे राहतात का आणि भुशाबरोबर दाणे उडतात का, हेही पाहत राहावे. मळणीपूर्वी यंत्र काही मिनिटे रिकामे चालवल्यास आधीच्या शेतातील किडका माल आपल्या मालात येत नाही.

टप्पा ६: दाणा वाळवणे, ओलावा पाहणे आणि विक्रीचा निर्णय

मळलेला दाणा आधी चाळून चुरा, बुरकुंडाचे तुकडे आणि पातेरा काढून टाकावा. नंतर तो दोन इंचांपेक्षा कमी जाडीचा थर करून स्वच्छ फरशीवर किंवा ताडपत्रीवर पसरावा आणि दर तासाला फिरवावा. डांबरी रस्त्यावर दाणा वाळवणे टाळावे. तेथे वाहनांखाली फूट होते, खडे-डांबर मिसळतात आणि अपघाताची जबाबदारीही आपल्यावर येते. रब्बी मका चैत्र-वैशाखात येतो, तेव्हा उलट अडचण असते. चाळीस अंशांपुढच्या उन्हात तापलेल्या फरशीवर दाण्याला आतून तडे जातात. त्या दिवसांत दुपारी बारा ते तीन दाणा सावलीत ओढावा.

विक्रीसाठी १४ टक्के आणि सहा महिन्यांहून अधिक साठवणीसाठी १२ टक्के ओलावा हे लक्ष्य ठेवावे. हमीभावाच्या खरेदीतही १४ टक्के हीच कमाल मर्यादा असते. गावात ओलावामापक यंत्र नसेल, तर मिठाची कसोटी वापरता येते. काचेची पूर्ण कोरडी बाटली घ्यावी, तिचा एक तृतीयांश भाग मक्याने भरावा, तव्यावर कोरडे करून थंड केलेले दोन-तीन चमचे बारीक मीठ त्यात टाकावे, झाकण लावून दोन मिनिटे हलवावी आणि पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूस चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांहून जास्त आहे. मीठ मोकळे तळाशी बसले, तर दाणा त्याखाली आला आहे. मात्र ही कसोटी १२ आणि १४ टक्क्यांतला फरक सांगत नाही. म्हणून साठवणीसाठी त्यानंतरही दोन दिवसांचे ऊन द्यावे आणि शक्य असल्यास बाजार समितीत किंवा व्यापाऱ्याकडे यंत्रावर नमुना पाहून घ्यावा.

ओला विकावा की वाळवून, हा प्रश्न अंदाजाने सोडवू नये. वाळवल्यावर घटणारे वजन पाण्याचे असते आणि ते आधीच काढता येते. आताचे वजन गुणिले (१०० वजा आताचा ओलावा), भागिले (१०० वजा नंतरचा ओलावा), असे ते सूत्र आहे. २२ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणल्यास १०० × ७८ ÷ ८६, म्हणजे सुमारे ९०.७ क्विंटल उरतो. समजा ओल्या मालाला १,८०० आणि वाळलेल्याला २,१०० रुपये दर आहे. ओला विकल्यास १,८०,००० रुपये येतील आणि वाळवून विकल्यास सुमारे १,९०,५००. त्यातून वाळवण्याची मजुरी वजा करावी. मजुरी साडेदहा हजारांच्या आत बसत असेल, तर वाळवणे परवडते. फरक तुटपुंजा असेल आणि झाकलेली जागा नसेल, तर ओला विकणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे. ओला माल भाव वाढेल या आशेने ढिगात ठेवणे, हा मात्र पर्याय नव्हे.

पैशाच्या निकडीमुळे पडत्या दरात विकावे लागत असेल, तर वाळवलेल्या मालावर बाजार समितीमार्फत शेतमाल तारण कर्ज मिळते का, याची चौकशी करावी. कृषी पणन मंडळाच्या या योजनेत व्याज ६ टक्के आणि मुदत १८० दिवसांची असते. मात्र ओला माल तेथे ठेवून घेत नाहीत.

टप्पा ७: थंड करून भरणे

दुपारी वाळत असलेला मका त्याच संध्याकाळी कोठीत ओतणे, ही नीट वाळवलेला मालही बिघडवणारी चूक आहे. उन्हातला दाणा हाताला चांगलाच गरम लागतो. तो तसाच पत्र्याच्या कोठीत बंद झाला आणि मार्गशीर्ष-पौषात रात्री थंडी पडली, की थंड पत्र्याला आतील वाफ लागते आणि झाकणाखाली पाणी साचते. वरचा चार बोटांचा थर बुरसटतो आणि लोक म्हणतात की कोठी गळते. म्हणून दाणा सावलीत रात्रभर पसरून थंड करावा, दव लागणार नाही अशा छपराखाली ठेवावा आणि सकाळी भरावा.

कोठी पूर्ण भरावी, कारण रिकामी जागा जितकी जास्त, तितकी किड्यांना हवा जास्त. कोठी उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीजवळ किंवा चुलीच्या भिंतीला लागून ठेवू नये. जुन्या मक्यावर नवा ओतू नये.

गोण्यांत साठवणूक असेल, तर खाली किमान अर्धा फूट उंच फळ्या असाव्यात आणि थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट सुटी असावी, म्हणजे चारही बाजूंनी फिरून पाहता येते. हमालांच्या लोखंडी आकड्याने भोक पडलेल्या गोण्या वेगळ्या ठेवून आधी वापराव्यात. घरच्या वापराच्या दोन-चार क्विंटलसाठी हवाबंद प्लॅस्टिक पिशवी हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आहे. आतील किडे उरलेला प्राणवायू वापरून संपवतात आणि स्वतःच मरतात. पण दाणा १२-१३ टक्क्यांपर्यंत वाळलेला असेल आणि पिशवीला एकही छिद्र नसेल, तरच ती काम करते. ओल्या मक्यासाठी ती उपयोगाची नाही.

त्याच खोलीत हरभरा किंवा तूर ठेवायची असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. कडधान्यावरील भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो, त्यामुळे खोली कितीही स्वच्छ असली तरी तो मालाबरोबर येतो. घरखर्चाचे कडधान्य लवकर डाळ करून ठेवावे, किंवा किलोला पाच मिली खाद्यतेल चोळून भरावे.

सावधान: धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोठीत, घरात किंवा घराला लागून असलेल्या खोलीत कधीही वापरू नयेत. हवेतील ओल लागताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो, आणि तो दारांच्या फटींतून शेजारच्या झोपण्याच्या खोलीत जातो. घरगुती वापराला या गोळ्यांची परवानगी नाही. त्यांचे धुरीकरण परवानाधारक प्रशिक्षित माणसानेच, राहत्या घरापासून दूर असलेल्या गोदामात करावे. कोणी कापडात बांधून एक-दोन गोळ्या दिल्या, तर त्या घेऊ नयेत.

टप्पा ८: भरल्यानंतरची पाहणी

पंधरा दिवसांतून एकदा पाहणी करावी आणि त्यासाठी सकाळची वेळ निवडावी. प्रथम वास घ्यावा. नंतर हात कोपरापर्यंत दाण्यात घालून आतील भाग बाहेरच्यापेक्षा गरम लागतो का, ते पाहावे. शेवटी थप्पीच्या मधल्या गोणीतून, फक्त वरच्या नव्हे, किलोभर दाणे काढून पांढऱ्या कापडावर चाळावेत. चाळणीखाली बारीक पीठ पडले तर किडा आत आहे, जरी तो डोळ्यांना दिसला नाही तरी. सोंडा अंडी दाण्याच्या आत घालतो आणि अळी आतच वाढते. उबदार हवेत अंड्यापासून किडा बाहेर येईपर्यंत साधारण महिना जातो. म्हणून दोन पाहण्यांत महिन्याहून अधिक अंतर पडले, तर एक पूर्ण पिढी नजरेतून सुटते.

पीठ किंवा जिवंत किडे आढळल्यास तो माल त्याच दिवशी बाहेर काढावा, खोलीपासून दूर चाळावा, चाळून निघालेला चुरा जाळावा, दाणा पातळ थरात कडक उन्हात दोन दिवस तापवावा, थंड करून पुन्हा भरावा आणि तो माल आधी विकावा किंवा दळावा. दाणा गरम लागला पण किडा नसेल, तर ओलावा राहिलेला आहे. अशा वेळी फक्त ती गोणी नव्हे, तर तिच्या खालच्या आणि बाजूच्या गोण्याही उघडून पाहाव्यात.